बेटावरची चौथी भिंत

“चहा अजून पाणचटच हाय गं,” बायडाबाई नातीच्या कानाशी पुटपुटली. “पण कप तरी सेटमधला दिलाय ह्या खेपेला.”

पुटपुटणं नातीपुरतंच होतं. पण बेळगावाजवळच्या मच्छे गावातल्या त्या घरात सोप्यातला बाक आणि स्वयंपाकघराची खिडकी ह्यांच्यात हातभरही अंतर नव्हतं, आणि खिडकीच्या आत जयाबाई बशीत चिवडा काढत उभी होती. तिचा चमचा डब्यातच थांबला.

चहाचं तिला काही वाटलं नाही. तिच्या चहाला सून, लेक, शेजारीण, सगळेच नावं ठेवायचे. कपाचं मात्र लागलं, कारण ते खरं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बायडाबाई पहिल्यांदा ह्या दारी आली, तेव्हा तिला चहा दिला होता तो परड्यातल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातनं. हुकूम सासूचा होता, पण कप पुढं करणारा हात जयाबाईचा. एवढ्या वर्षांत ती बाई हे विसरली असेल, अशी एक आशा जयाबाईनं मनात धरली होती. ती चिवड्याच्या बशीवर संपली.

आणि कपाचं तेवढंच असतं तर निभावलं असतं.

बाहेर तिचा नवरा, शामू मिस्त्री, बोलत होता. बोलत होता म्हणजे काय, वाहत होता. सत्तरीचा हा माणूस एरवी ‘भाकरी वाढू का’ म्हणून दोनदा विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. आज सकाळी उठून दाढी केली. लेकाच्या, आदर्शच्या लग्नातला शर्ट ट्रंकेतनं काढून, स्वतः इस्त्री फिरवून घातला. “कोण मंत्री येणार हाय व्हय?” म्हणून जयाबाईनं विचारलं, तर म्हणाला, “सुविधा येणार हाय, बायडाबाईची नात. बेटावरच्या घराचं विचारायला.” आणि जरा थांबून, जसं काही आत्ताच आठवलं, “बायडाबाईबी येतीया म्हणं.”

तेव्हापासून जयाबाईच्या हातातनं आज तीन भांडी पडली होती.

सुविधा ही बायडाबाईच्या लेकाची, भीमरत्नची मुलगी. भीमरत्न पाटबंधारे खात्यात इंजिनियर. बेळगावात त्याचं दोन मजल्यांचं घर. आणि ही पोरगी घरं बांधायचं शिकणारी, शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं पोरांना गोव्याला नेलं, जिथं मांडवी समुद्राला मिळायच्या बेतात असते तिथल्या एका बेटावर. फेरीतनं उतरून, खाडीकाठची भाताची खाजणं, बांध घातलेली शेतं, ओलांडून, सिल्वेरांच्या जुन्या घरात. प्रत्येकानं एकेका घराचा इतिहास लिहायचा होता, आणि सुविधाच्या वाट्याला हे घर आलं. तिनं मापं घेतली, फोटो काढले, घरी येऊन आज्जीला दाखवले. बायडाबाईनं चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला, लांब नेला, आणि म्हणाली, “ह्यातल्या तीन भिंती माझ्या हाईत.”

घरात कुणालाच माहीत नव्हतं. भीमरत्नलासुद्धा नाही.

“आप्पा, मी आत्तापर्यंत काय जमवलंय ते वाचते,” सुविधा सांगत होती. “चुकलं तर थांबवा.”

“वाच, वाच.”

जयाबाईनं चिवड्याची बशी नेऊन ठेवली आणि परत खिडकीशी आली. बाहेर बसायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. बस असंही म्हटलं नव्हतं.

सुविधा वाचत गेली. घर सव्वादोनशे वर्षांचं. बांधणारा सिल्वेरा मोझांबिककडं तांदूळ आणि मीठ नेणारा तांडेल होता. चुना खाडीतल्या शिंपल्यांचा, जागेवर भाजलेला. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. घरात दोनदा कमरेएवढं पाणी चढलं, दोनदा उतरलं. एक सून बाळंतपणात गेली, तिची खोली साठ वर्षं कुणी उघडली नाही, आणि उघडली तेव्हा आत काय निघालं, तर एक शिवणयंत्र आणि वटवाघळं. पुढं घरातली तरणी माणसं मुंबई, लिस्बन, नैरोबी अशी पांगली. छत बसलं. आणि मग चौऱ्याऐंशी साली धाकट्या मुलीचं लग्न ह्याच घरात करायचं सिल्वेरांच्या म्हातारीनं ठरवलं, तेव्हा बेळगावाकडनं चुन्याचं काम करणारे बोलावले.

“शामराव मिस्त्री आणि दहा माणसं,” सुविधा म्हणाली.

“अकरा,” शामू म्हणाला. “बायडाबाईला धर की.”

खिडकीच्या आत जयाबाईनं ओठ मिटले. चाळीस वर्षांपूर्वीचं माणूस एक कमी पडलं, ते ह्याला लगेच कळलं. परवा लेकाच्या घरी जाताना बायकोला स्टँडवर विसरून एकटाच बसमध्ये चढला होता.

“मला आधी वाटायचं चुना लावतो तो मिस्त्रीच सगळं करतो,” सुविधा म्हणाली.

“छ्या! मिस्त्री लावतो. पर घोटतंय कोण?” शामू पुढं सरकला, हात हवेत आले. “चुना सहा महिने भिजवायचा. त्यात गूळपाणी, बेलफळाचा चीक. तीन थर. शेवटचा थर ओला असताना बाई बसती दगड घेऊन. गारगोटीचा, मुठीएवढा, लोण्यागत गुळगुळीत दगड. घोटत ऱ्हायचं, घोटत ऱ्हायचं, भिंतीला घाम येईस्तवर. मग ती आरशागत होती. आणि एका भिंतीला एकच हात, पोरी. एकच दगड. मधी हात बदलला की तिथं रेघ उठती, कायमची. बायडाबाईचा हात म्हंजे—” त्यानं बोटं एकमेकांवर घासली, जसं काही रेशीम चाचपतोय. “कंदील धरला तर दुसरा कंदील दिसायचा.”

“पुरं की मिस्त्री,” बायडाबाई म्हणाली. पण ऐकत होती. कान तिकडंच होते.

जयाबाईच्या लग्नाला त्या साली एक वर्ष झालं होतं. माहेर कंग्राळीचं, घरात शेती. भिंत म्हणजे शेणानं सारवायची एवढंच तिला ठाऊक. गवंड्याच्या घरातल्या चालीरीती तिला कुणी सांगितल्या नव्हत्या, आणि सासू न सांगताच रागवायची. एके दिवशी नवऱ्याच्या पिशवीत तिला खण दिसला. नवाकोरा, जांभळा, हिरव्या काठाचा, खासबागेतल्या दुकानाच्या कागदात गुंडाळलेला. तिनं तो परत तसाच घडी घालून ठेवला आणि वाट बघितली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी केसांत अबोली माळून बसली. शामू उठला, पिशवी उचलली, “कामावर जातो, महिना लागंल,” म्हणाला आणि गोव्याला गेला. खणही गेला.

ते तिनं पंधरा दिवस सोसलं. मग एका पहाटे सासूला “माहेरी जाऊन येते,” म्हणाली आणि पणजीच्या गाडीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा घाट उतरली, पहिल्यांदा फेरीत उभी राहिली, पहिल्यांदा खारं वारं तोंडावर घेतलं. बेटावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. सिल्वेरांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि समोर काय, तर बायडाबाई चौथ्या भिंतीशी उकिडवी बसलेली, घामानं निथळलेली, आणि कमरेला तोच खण. जांभळा. हिरव्या काठाचा.

“भीमूला ताप आलाय,” जयाबाई म्हणाली. “लई. तुझ्या आयेनं निरोप दिलाय, लगेच ये म्हणून.”

असं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. वाटेत घाटभर तिनं वेगळीच वाक्यं पाठ केली होती, चांगली झणझणीत. पण तोंडातनं हेच निघालं, आणि निघालं ते इतकं खरं वाटलं की तिचं तिलाच दचकायला झालं.

बायडाबाई उठली. भीमू, तिचा भीमरत्न, चार वर्षांचा. त्याच्या आधीची एक मुलगी तापातच गेलेली. हातातला दगड तेवढा तिनं कमरेच्या खणात बांधला, बाकी हात पुसले नाहीत, पदर सावरला नाही. माणसं माळ्यावर फळ्या ठोकत होती, शामू मागच्या अंगणात चुना कालवत होता, त्याला सांगायलाही थांबली नाही. जयाबाई तिच्या मागं मागं धक्क्यावर गेली. फेरीच्या फळीवर पाय ठेवता ठेवता बायडाबाईनं कमरेचा खण सोडला. तो नुसता खण नव्हता, गाठोडं होतं. ते तिनं जयाबाईच्या हातात कोंबलं.

“दगड हाय. कामाचा. गाठ सोडू नको, मिस्त्रींनी पूजेचा खण दिलाय. घर घोटायला घेताना दगडाला नवा खण बांधायचा असतो आमच्यात. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको जया. मी दोन दिसांत येते. भिंत तवर ओली ठेवा म्हणावं.”

फेरी तिथंच होती. साखळी सुटायची होती. एक गाय चढायला तयार नव्हती आणि दोघं जण तिला ढकलत होते. जयाबाईला सगळं कळलं होतं. खण बाईचा नव्हता, दगडाचा होता. आता ‘अगं थांब, खोटं हाय, माझं चुकलं,’ एवढं म्हणायचं होतं. गाय चढेपर्यंत वेळ होता. गाईनं चांगला भरपूर वेळ घेतला.

जयाबाई बोलली नाही.

गाठोडं पदराखाली घेऊन ती पुढच्या फेरीनं घरी परतली. का बोलली नाही, हे तिनं पुढं चाळीस वर्षं स्वतःला विचारलं, आणि उत्तर ठाऊक असूनही विचारत राहिली.

“बरं, आता मुख्य प्रश्न,” बाहेर सुविधा म्हणाली. तिनं रेकॉर्डिंग लावून मोबाईल बाकावर मधोमध ठेवला. “चौथी भिंत. ती अर्धीच का राहिली? अर्धी घोटलेली, अर्धी खरबरीत. बेटावर तीन गोष्टी ऐकल्या मी. पाद्री म्हणतात, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम एक भिंत सोडतात. फेरीवाला म्हणतो, मागं सोनं पुरलंय. कुणीतरी दोन भोकंही पाडून बघितलीत. आणि घर राखतो तो म्हणतो, नवऱ्या मुलीच्या थोरल्या बहिणीनं शाप दिला.”

शामू हसला. “शाप! लग्नाला तिथं पडदा टांगला हुता, लाल. थोरली बहीण त्याच्यापुढं नाचत हुती.”

“मालकांचा नातू आता घर दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं करणार आहे. डिसेंबरात. माझी पुस्तिका तिथं विकायला ठेवणार, आणि दिवाणखान्यात पितळेची पाटी लागणार. कामगारांची नावं, आणि चौथ्या भिंतीचं कारण. जे आज तुम्ही सांगाल ते पाटीवर जाईल आप्पा. म्हणून नीट सांगा.”

जयाबाईनं खिडकीचा गज धरला. पितळेची पाटी. पुसली जात नाही, पावसात विरघळत नाही. आल्यागेल्यानं वाचायची. शामूनं तिला ह्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. लग्न उरकल्यावर तो बेटावरनं परत आला, पाय धुतले, जेवला, आणि त्यानंतर चुन्याचं काम कधी घेतलं नाही. पुढं आयुष्यभर मच्छ्यातल्या कारखान्यांच्या कंपाउंडांना सिमेंट फासत राहिला. सिमेंटला कोण जीव लावतं. बायडाबाईही परत बेटावर गेली नाही. घरी येऊन बघितलं तर भीमू गल्लीत गोट्या खेळत होता. ती कुणाला काही बोलली नाही. पुढं शाळेत आया म्हणून लागली, पोराला शिकवलं. रस्त्यात भेटली की “बरं हाय का जया?” म्हणायची. दगडाचं कधी विचारलं नाही.

त्या न विचारण्यानं जयाबाईची झोप जितकी मोडली, तितकी शिव्यांनी मोडली नसती.

“थांब पोरी, आधी गोळी घेते,” बाहेरनं बायडाबाईचा आवाज आला. “पाणी कुठं हाय गं जया?”

“आणते की,” जयाबाई म्हणेपर्यंत बायडाबाई गुडघ्यांवर हात टेकत उठून आतच आली. ह्या घराच्या स्वयंपाकघरात ती आजवर कधी आली नव्हती. सासू होती तोवर शक्य नव्हतं. सासू गेल्यावर कुणी बोलावलं नव्हतं. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, मग आत पाऊल टाकलं, आणि भांड्यांच्या मांडणीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडं सावकाश नजर फिरवली. तशी तिची भिंतींकडं बघायची सवय जुनीच.

आणि मग तिची नजर थांबली.

कोपऱ्यात जोंधळ्याचा मोठा पत्र्याचा डबा असायचा. आज सकाळी झाडताना जयाबाईनं तो पुढं ओढला होता, आणि भांडी पडण्याच्या गडबडीत परत सारायचा राहिला होता. डब्यामागच्या भिंतीवर वीतभर जागा वेगळीच होती. चुन्याची. फुगलेली, तडे गेलेली, कुठं पिवळी, कुठं पांढरी, आणि मधेच कुठंतरी नखाएवढी चमकणारी. एकावर एक किती थर चढले होते, देव जाणे. शामू परगावी गेला की जयाबाई दार लावून बसायची. चुना भिजवला, गूळ घातला, बेलफळ घातलं, अंडीसुद्धा घातली, सोमवारी उपास असताना. घोटून घोटून खांदा निखळायची वेळ आली. दरवर्षी एकदा तरी. भिंतीला घाम काही आला नाही, तिलाच आला.

बायडाबाई पुढं झाली. वाकडी झालेली बोटं तिनं त्या नखाएवढ्या चमकीवर ठेवली. डोळे मिटून फिरवली.

जयाबाईला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली तर बरं होईल.

“हात खालनं वर न्यायचा असतो,” बायडाबाई म्हणाली. “तू आडवा फिरवलायस.”

मग तिनं माठातलं पाणी घेतलं, गोळी घेतली, तांब्या होता तिथंच ठेवला आणि बाहेर गेली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. दगड अजून ह्याच घरात आहे ते ठाऊक होतं, कायम. जयाबाई डब्याला टेकली. लाज वाटली, पण लाजेच्याही आधी जे वर आलं ते तिच्या ओळखीचं होतं, जुनंच, आंबट. एका बोटानं हिला कळलं. हात आडवा फिरवलाय. चाळीस वर्षं आपण घासतोय, आणि हिला एका बोटानं कळलं.

“हं, आप्पा,” सुविधाचा आवाज आला. “चौथी भिंत.”

शामूनं घसा साफ केला. आता सांगणार. सांगू दे. चाळीस वर्षं पोटात धरलंय, आज शर्ट घालून बसलाय, सांगू दे.

“वळीव आलता,” शामू म्हणाला. “उगवतीच्या अंगाची कौलं उघडी हुती. ओल उतरली भिंतीत. ओल्या भिंतीवर चुना धरत न्हाय. लग्न चार दिसांवर. मग सोडून दिली.”

“आणि घोटायचा दगड?”

“त्यो खाडीत पडला. बायडाबाईला घरी जायाचं हुतं कायतरी कामाला, तर फेरीत चढताना कमरेचा सुटला. डुबुक.”

सुविधा हसली. “कमाल आहे. आज्जीनं परवा हेच सांगितलं. उगवतीची कौलं, ओल, फेरी. शब्दसुद्धा तेच. डुबुकसुद्धा!”

“मग? खरं ते खरंच असतंय,” बायडाबाई म्हणाली. “ओल हुती. दुसरं कायबी न्हवतं.”

“व्हय. ओल,” शामू म्हणाला.

आणि दोघांनी चहाचे कप उचलले. सारखेच, एकाच वेळी.

खिडकीच्या आत जयाबाईला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. पाटीवर ओल लागणार होती. पितळेची ओल. तिचं नाव कुठं येणार नव्हतं. एवढा श्वास तिनं सोडला, आणि दुसरा घेता घेता तिला ते डुबुक परत ऐकू आलं.

शामू त्या वेळी मागच्या अंगणात होता. धक्क्यावर नव्हताच. मग डुबुक त्यानं कुठनं आणलं?

म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. कधी? कुठं? बसस्टँडवर, कुणाच्या लग्नात, बाजारात भाजी घेताना? की एकानं एकदा म्हटलं आणि दुसऱ्यानं फक्त ऐकलं? दोघांनी मिळून एक खोटं रचलं, कौलं उतरवली, पाऊस पाडला, दगड बुडवला, आणि ते चाळीस वर्षं एकही तडा न जाऊ देता सांभाळलं. कुणासाठी? तिच्यासाठी. तिला न सांगता. तिच्या पाठीमागं. ती आपली दरवर्षी डब्यामागं घासत बसली, आणि ह्या दोघांची भिंत केव्हाच घोटून झालेली. आरशागत.

तिनं ज्याचा एवढा मत्सर केला ते प्रेम नव्हतंच, हे तिला त्या धक्क्यावरच कळलं होतं. पण हे काय होतं मग? हे तर तिनंच ह्यांना दिलं होतं. स्वतःच्या हातानं. दोघांमध्ये काही नव्हतं, तर तिनं एक गुपित आणून ठेवलं, आणि ह्यांनी ते मुलासारखं वाढवलं.

नाही. हे तिला सोसवणार नव्हतं. पाटीवर नाव लागलं असतं तर सोसलं असतं.

जयाबाईनं पदर खोचला आणि जोंधळ्याच्या डब्यात हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. दाणे बांगड्यांत अडकले, ब्लाऊजच्या बाहीत गेले. तळाशी बोटं लागली. तिनं ते गाठोडं ओढून काढलं आणि तशीच, अंगावरनं जोंधळे गळत, सोप्यात आली.

बाकावर चहाचे चार कप होते. एक तिचा, न प्यायलेला. तिनं तो बाजूला केला आणि मोबाईलशेजारी गाठोडं ठेवलं. जांभळा रंग उडून राखेसारखा झाला होता. हिरवा काठ अजून हिरवा होता. गाठ बायडाबाईच्या गाठीसारखीच. घोटायला दगड काढताना जयाबाई ती तेवढी सोडायची, आणि परत हुबेहूब तशीच मारायला शिकली होती. ह्या घरात तिला बायडाबाईसारखी तेवढी एकच गोष्ट जमली होती.

“जयाआज्जी, हे काय?” सुविधानं विचारलं.

शामू गाठोड्याकडं बघत नव्हता. खाली फरशीकडं बघत होता. बायडाबाई मात्र जयाबाईकडं बघत होती, आणि तिनं मान किंचित हलवली. नको, असं.

“मान हलवू नको बायडाक्का,” जयाबाई म्हणाली. “लई हलवलीस. पोरी, ते चालू हाय न्हवं तुझं?”

“चालू आहे.”

“मग घे. ओलबिल कायबी न्हवती. पाऊस न्हवता. कौलं कवाच घातलेली. डुबुक न्हवतं. दगड ह्यो हितं हाय, माझ्या जोंधळ्यात. तुझ्या बाला ताप न्हवता. त्यो गोट्या खेळत हुता. ह्यो खण ह्यांनी तुझ्या आज्जीला दिला वाटलं म्हणून मी खोटं सांगितलं, तिला भिंतीवरनं उठवली, आणि फेरी हलायच्या आधी खण दगडाचा हाय ते कळलं तरी मी बोलले न्हाय. ती चौथी भिंत माझी हाय. हिच्या तीन हाईत, ते लिही. ह्यांनी चुना लावला, ते लिही. चौथीवर माझं नाव टाक. जया शामराव, मुक्काम पोस्ट मच्छे. ओलीचं न्हाय टाकायचं.”

“जया,” शामू म्हणाला. “गप बस की आता. कशाला.”

“का? तुमचं दोघांचं मोडतंय म्हणून?”

बायडाबाईनं गाठोड्यावर हात ठेवला. गाठ सोडली नाही. नुसता हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ते बघून जयाबाईला आणखीच राग आला.

“पण जयाआज्जी,” सुविधा हळू म्हणाली. आता ती कुणासाठीच लिहीत नव्हती. पेन तसंच हातात होतं. “खण दगडाचा आहे हे कळलं होतं ना तुम्हाला? मग का?”

शामूनं शर्टाच्या इस्त्रीवरनं हात फिरवला. बायडाबाईनं डोळे खाली घेतले. म्हणजे हेही ह्यांना ठाऊक होतं, दोघांनाही, आणि ह्यावरच चाळीस वर्षं कौलं घातली होती.

“त्या दिवशी मी दिवाणखान्यात शिरले न्हवं,” जयाबाई म्हणाली, “तवा हे अंगणात परत जायच्या आधी घडीभर मागच्या दारात उभं हुतं. हातात चुन्याचं घमेलं. मी आलेली ह्यांना दिसलं न्हाय. हे बायडाक्काकडं बघतच न्हवतं. तसं बघितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, जेवून परत आले असते. हे भिंतीकडं बघत हुतं.” तिनं बाहीतला एक जोंधळा काढला आणि बोटांत धरला. “चाळीस वर्सं झाली. ह्यांनी माझ्याकडं तसं एकदाबी बघितलं न्हाय.”